निळी फुली

२४ फेब्रुवारी
आठवड्यात दुसरं वादळ! रान पार विस्कटलंय. कुठलं झाड पाडायचं ते वनरक्षक म्हणून मीच ठरवायचं — पायवाटेवर कोसळेल असं दिसलं की खोडावर निळी फुली. फुलीआधी झाडाला पूर्ण फेरी मारायची, ढोल्या बघायच्या, हा आमचा नियम. दिवसभर तेच केलं. ओढ्याकडे गुडघाभर चिखल, त्यात अंधारून आलं. शेवटच्या फुल्या कशाबशा उरकल्या. बूट अजून ओलेच आहेत.

१ मार्च
ऊन पडलं एकदाचं. डबक्यांत बेडकांची अंडी. खार मोडलेलं घरटं पुन्हा बांधतेय, तोंडात मावेना एवढं गवत घेऊन. आणि ओढ्यापलीकडून बघितलं तर काठच्या पोकळ झाडात पिंगळ्यांची जोडी! मादी ढोलीतून हलत नाही, म्हणजे अंडी नक्की. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, माझे आईबाबा आले तेव्हा एवढी खूश नव्हतीस.

४ मार्च
पोकळ झाड गेलं. फुलीची झाडं पाडणाऱ्या आमच्या करवतकाकांनी पाडलं. ढोलीपाशी खोड फुटलं, अंडी चिखलात, मादी मेलेली. नर शेजारच्या फांदीवर, भर दुपारी, नुसता बसून.

मी काकांवर तुटून पडले. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर. वीस वर्षं त्यांना अहो-जाहो करतेय, आज एकेरीवर आले. डोळे फुटले होते का तुझे, असं म्हणाले मी. ते एवढंच बोलले, "फुली होती, ताई." मी म्हटलं, दाखव. खोड आडवं, वरच्या बाजूला काही नाही. एवढं धूड कोण उलटवणार! काका हात पुसत उभे राहिले.

५ मार्च
साहेबांनी काकांना काढलं. अहवालात लिहिलं, खूण नसलेलं झाड पाडलं. सही माझी.

७ मार्च
नर चोचीत काहीबाही घेऊन येतो. ढोली होती तिथे हवेतच घुटमळतो, मग परत जातो. बघवत नाही.

तसं बोलायला नको होतं मी. चूक असली तरी वयाने मोठा माणूस. नवरा म्हणतो, जाऊन ये एकदा. कुठल्या तोंडाने जाऊ? आणि चूक तर त्यांचीच ना!

८ मार्च
दुकानात काकू भेटल्या. म्हणाल्या, हे दिवसभर दारात बसतात, करवतीला तेल घालतात, पुसतात, परत घालतात. तुमच्यावर राग नाही त्यांचा, असंही म्हणाल्या. असता तर बरं झालं असतं. माझी पिशवी तिथेच राहिली, त्या घेऊन मागे धावत आल्या.

११ मार्च
आज ट्रॅक्टर आला खोडं ओढायला. पोकळ झाडाचं खोड उलटलं. पायवाटेकडची बाजू वर आली — सालीवर चिखल, चिखलाखाली निळं. बोटांनी खरवडलं. फुली. एक शेपूट लांब ओढलेली, माझी असते तशी.

वादळानंतरच्या त्या संध्याकाळी चिखलात पाय घालायचा कंटाळा केला. झाडाच्या पलीकडे, ढोलीच्या बाजूला गेलेच नाही. आणि फुली मारल्याचंही विसरले!

साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता कशाला उकरतेस. मी म्हटलं, मग दुसरा लिहिते.

१२ मार्च
सकाळीच काकांच्या दारात गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तो नर अजून येतो का हो, ताई?"