किनाऱ्यावर न आलेलं वादळ

मयूर विहार, दिल्ली
२३ ऑक्टोबर १९९४

ती. विलासदादास,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. इकडे सकाळचा गारवा पडायला लागलाय. अरुणाची सहामाही चालू आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तुझ्या प्रमोदिनीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. सोबतची तुझी चिठ्ठीही. 'तू आली नाहीस तरी चालेल, लोक तोंडावर बोलतील.'

लोक काय बोलतात ते कळलंय मला. वृंदाच्या वादळानं देवगडात झाडाचं पानही हललं नाही. सगळ्यांच्या होड्या बंदरात अडकून पडल्या, आणि कुणाचं न ऐकता गेलेला दीनानाथ सुरमईनं होडी भरून आला. हेच ना?

मग काय झालं ते माझ्याकडून ऐक. लक्षद्वीपच्या बाजूला ढग जमले. उपग्रहाच्या चित्रात ते गोल फिरताना दिसायला लागले, हवेचा दाब उतरत गेला आणि त्याचं डिप्रेशन झालं, म्हणजे वादळाची आधीची पायरी. तोंड कोकणाकडे. आम्ही हवामान खात्यातून लगेच इशारा दिला. नंतर वायव्येकडून कोरडी हवा आत शिरली, वरच्या वाऱ्यांनी ढगांचा माथाच उडवून नेला. खालचा भोवरा उघडा पडला आणि भर समुद्रातच विरून गेला. आमचे साहेब म्हणाले, "वृंदाजी, थोड़ा रुक जातीं।" मी म्हटलं, "सर, अगली बार भी नहीं रुकूँगी।"

तुलाही तेच सांगते. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तू माझ्या वतीनं माफी मागितलीस, ती परत घे. माझं काही चुकलेलं नाही.

आपल्या अण्णांना ज्यानं नेलं, तेही मोठं वादळ नव्हतं, दादा. असंच एक छोटं डिप्रेशन. पेपरात त्याची ओळसुद्धा आली नाही. त्या सकाळी त्यांना 'जाऊ नका' म्हणणारं कुणी नव्हतं. आपण दोघं जेटीवर वाट बघत उभे होतो, आठवतं? आपण ते कधी बोललोच नाही.

आणि या वेळी माझा फोन आल्यावर तू लख्ख उन्हात जेटीवर उभा राहिलास आणि निघालेल्या होड्या थांबवल्यास. राजाभाऊ काका हसले, तरी हटला नाहीस. मला दिल्लीला पाठवायला नको म्हणणारा तू, माझ्या एका शब्दावर! वहिनींनी हे सांगितलं तेव्हा ऑफिसच्या जिन्यात बसून मी रडले. लोक हसोत, मला फरक पडत नाही. पण तुला त्या दिवसाची लाज वाटते, हे मात्र मी चालू देणार नाही.

राजधानीची तिकिटं काढली आहेत, पुढे एसटीनं येऊ. मांडवात मी पुढच्याच रांगेत बसणार. कुणाला काय बोलायचं ते तिथे येऊन बोलू दे. आणि त्या दिवशीही समुद्रात काही फिरायला लागलं, तर अक्षता टाकून मी थेट जेटीवर जाईन. तू सोबत आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी जाईनच.

नको म्हटलंस तरी येणारी,
अण्णांची आणि तुझी,
वृंदा