डाव्या बाजूचं बोर

बाई, परवा माझ्या नातवाचं बोरन्हाण झालं. नातू म्हणजे लेकीचा मुलगा, अजून वर्षाचाही नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती लेक शाळेत जात होती, म्हणजे हा पुढचा सगळा पसारा तुमच्या माघारी वाढलेला. डोंबिवलीला तिच्या सासरी सोफा भिंतीला सरकवून हॉलच्या मधोमध पाट मांडला होता. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, आणि तोंडावर हा सगळा प्रकार कशासाठी चाललाय असा रागीट भाव, जो थेट माझ्याकडून आलेला आहे. मनगटाला हलव्याची कडी बांधताना विहीणबाई म्हणाल्या, या हाताची मूठ किती घट्ट आहे बघा, लक्ष्मी धरून ठेवणार हा. बायका हसल्या आणि मीही हसले. तो डावा हात होता. अंगठा आत घेऊन त्यावर बोटं मिटलेली होती आणि कडी बांधून झाली तरी ती उघडली नाहीत.

मग डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे ओतले. आजूबाजूच्या पोरांनी झुंबड केली. एक बोर घरंगळत त्याच्या डाव्या मांडीशी जाऊन थांबलं, मुठीला जवळजवळ लागूनच. त्याने ते पाहिलं. डावा हात हलला नाही. तो कमरेतून सगळाच वळला, उजवा हात पोटावरून पलीकडे नेला, पडता पडता वाचला आणि बोर पकडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते तोंडात जायच्या आत मी काढून घेतलं, म्हणून तो माझ्यावर चिडला. विहीणबाईंचा चेहरा फुलून आला होता. "बघितलंत? प्रसाद असो, खाऊ असो, आमचं बाळ कधी डावा हात पुढे करत नाही. कोणी शिकवलं नाही हो, उपजतच आहे." बाई, हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे. माझ्या हातात ते बोर तसंच होतं.

कोलशेतचं ते घर तुम्हाला आठवत असणारच. खाडीकडच्या वस्तीतलं, ओटीवर बोंबील वाळत घातलेले. मी नुकतीच फिजिओथेरपीच्या कॉलेजातून बाहेर पडून तुमच्या हाताखाली आलेली, खांद्याला ही एवढी बॅग, त्यात रंगीत रिंगा, चेंडू, काय काय. तुमच्याकडे फक्त पर्स आणि त्यात तो लाकडी खुळखुळा. घरात शिरल्यावर आधी बाळाकडे बघू नकोस, जमिनीकडे बघ, असं तुम्ही वाटेतच बजावलं होतं. ते कुठे निजतं, उजेड कुठून येतो, माणसं त्याच्या कुठल्या अंगाला बसतात, हे आधी कळलं पाहिजे, मग बाळ कळतं. त्या घरातली आजी अगदी अभिमानाने सांगते आहे, "आमचा पोर लय हुशार हाय बाय. डावा हात कदी पुढं करतच नाय." तुम्ही फरशीवर फतकल मारून बसता आणि चहा मागता. मी बाळाशी खेळायला लागते. खुळखुळा वाजवते, ते झडप घालून घेतं, खिदळतं, आजी खूश, मी तर त्याहून खूश. परत येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "ज्या बाजूचं त्याला जमतं त्याच बाजूला बसलीस तू. तो हसला, तुला बरं वाटलं. त्याच्यासाठी गेली होतीस की स्वतःसाठी?" खोपटचा नाका येईपर्यंत मी रडत होते. तुम्ही रिक्षातून उतरवून उसाचा रस पाजलात आणि त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलला नाहीत. नाही म्हणायला पहिल्या नोकरीच्या दिवशी तो खुळखुळाच माझ्या हातात ठेवलात.

पुढच्या खेपेला तुम्ही त्या बाळाच्या आईला सांगितलंत. ती मासळी साफ करत होती. तुम्ही तिच्याशेजारी बसलात, तिच्या कामाबद्दल चार गोष्टी बोललात आणि मग त्याच आवाजात म्हणालात, "एवढी लहान मुलं दोन्ही हातांनी घेतात गं. डावरा की उजवा हे पुढे ठरतं. हा डावा हात पुढे करत नाही असं नाही. त्याला तो करता येत नाहीये." तिची सुरी थांबली. तुम्ही उठला नाहीत, होईल बरं असंही म्हणाला नाहीत, नुसत्या बसून राहिलात. तुमचं ते बसून राहणं मला पुढे कितीतरी वर्षं जमलं नाही. मोठ्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवलंत आणि तोवर घरातल्याच वस्तू कामाला लावल्यात. जुन्या लुगड्याची वळकटी छातीखाली घालून पालथं निजवायचं. एका हाताने उचलता येणारच नाही असा मोठा डबा खेळायला द्यायचा. परातीत तांदूळ घालून दोन्ही हात त्यात बुडवायचे. आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी डाव्या अंगाला बसायचं, गाणं तिकडून म्हणायचं, घास तिकडून दाखवायचा. आजी कुरकुरली, डाव्या हाताची सवय लावता काय म्हणून. तुम्ही तिला म्हणालात, मग ओंजळ करायला शिकवा, देवाला ओंजळ चालते. ते मात्र तिला एकदम पटलं. तो मुलगा पुढे शर्टाची बटणं स्वतः लावायला शिकला. डावा हात थोडा मागे राहिला, पण सोबत येत गेला.

मला त्याच्यापेक्षा आता ती दुसरी मुलगी आठवते, वागळे इस्टेटमागच्या चाळीतली. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा ती चालत होती, फ्रॉकची झालर उजव्या हाताने सावरत. डावं कोपर वाकलेलं, मनगट आत वळलेलं. सगळे इतके दिवस तिच्या उजव्या हाताचं कौतुक करत होते. आत्ता का आणलंत, असं तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तो हात तुमच्या हातात घेऊन हळूहळू उघडायला लागलात आणि तो उघडत नव्हता. त्या दिवशी परतताना तुम्ही रस घ्यायलाही थांबला नाहीत.

बोरन्हाणाच्या दिवशी लेक स्वयंपाकघरात तिळगूळ ताटात काढत होती. मी मदतीला गेले तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू तुझ्या कामाच्या नजरेने एकदा बघ ना त्याला. सगळं ओके आहे ना?" म्हणजे तिलाही दिसतं आहे, बाई. आईला दिसतंच, असं तुम्ही म्हणायचात, फक्त विचारायला तिला माणूस लागतं. आणि ती जिला विचारत होती ती आयुष्यभर लोकांच्या पोरांचे हात बघत आलेली बाई. मी म्हटलं, काळा रंग त्याला काय खुलून दिसतो गं. मग विहीणबाई आत आल्या आणि विषय संपला. त्या वाईट नाहीत. पण मी बोलले तर त्या माझ्यावर नाही, लेकीवर शंका घेतील, गरोदरपणात काय खाल्लंस, कुठे पडलीस, असं महिनोनमहिने चालेल. मी तेवढ्यासाठी गप्प बसले असं स्वतःला सांगते आहे. खरं तर मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

आज दुपारी तिने व्हिडिओ पाठवला. बाळ टाळ्या वाजवायला शिकलं म्हणून घरात आनंदीआनंद चाललाय. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. उजवा तळवा मिटलेल्या मुठीवर आपटतो आहे आणि सगळे मागून टाळ्या वाजवतायत, म्हणून त्याची टाळी वाजत नाही हे कोणाला ऐकूच येत नाही. कदाचित तपासणीत काही निघणार नाही. तसं झालेलं मी पाहिलंय. पण तसं होणार नसेल, तर वेळ आत्ताच आहे, आणि तो रोज थोडा थोडा सरतो आहे.

शनिवारी ती त्याला घेऊन माझ्याकडे ठाण्याला येते आहे. मी चटई धुऊन वाळत घातली आहे, मोठा डबा काढून ठेवला आहे. तुमच्या खुळखुळ्याचा रंग पार उडालाय, पण वाजतो अजून. तुम्ही असतात तर मी तुम्हाला बोलावून घेतलं असतं, तुम्ही फरशीवर बसून माझ्या लेकीला सांगितलं असतंत आणि मी तिथे नुसती तिची आई म्हणून बसले असते. तुम्ही नाही, म्हणून मी हे लिहीत बसले आहे, आणि लिहून झालं की हे कपाटात तुमच्या फोटोमागे ठेवणार आहे. एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. खुळखुळा परवा माझ्या पर्समध्येच होता. बायका गेल्यावर लेक म्हणाली, आजीशी खेळ जरा, आणि तिने त्याला चटईवर ठेवलं. मी तो काढला, वाजवला, त्याने झडप घालून घेतला आणि मोठ्याने हसला. बाई, मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते.