हळदीचा लाल डाग

आई, तुला आधी पोहण्याचा तलाव म्हणजे काय ते सांगावं लागेल. उभा जन्म दूधविनायकच्या गल्लीत काढून रोज बालाजी घाटावर बुडी मारणाऱ्या तुला हे पटायचं नाही, पण पलीकडे रामनगरच्या बाजूला एक हॉटेल आहे, तिथे जमिनीत भलामोठा हौद बांधून निळं पाणी भरलंय. समोर गंगा वाहते आणि माणसं तिच्याकडे पाठ करून हौदात डुंबतात. त्या हॉटेलची साफसफाई मी बघते. खोल्यांतल्या चादरींपासून तलावाकाठच्या फरशीपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. घरचा केर काढताना तोंड वाकडं करणारी मुलगी आता गावाचा केर काढते, असं तू नक्की म्हणाली असतीस.

फरशी चुनारच्या दगडाची आहे, आपल्या घाटाच्या पायऱ्यांसारखीच. पाणी पिणारा दगड. पावसाळा संपला की त्यावर हिरवं-काळं राज्य सुरू होतं. मला त्याचा राग येण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटतं. चष्मा लावून उकिडवी बसते आणि बघत राहते, ही बुरशी इथे आली आणि हातभर अंतरावर का नाही आली? हिरवं शेवाळ नुसत्या ब्रशने निघतं, काळं मात्र दगडाच्या छिद्रांत बिऱ्हाड करतं आणि हलायचं नाव घेत नाही. सगळ्यात जास्त ते कापडी मांडवाखाली असतं. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून मालकांनी तो बारा महिने ताणून ठेवलेला असायचा. यंदा मी आमच्या सफाईवालीला सांगितलं, गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालव, मांडवाखाली ओत, थोडा वेळ मुरू दे आणि मग घास. तिने तसंच केलं. पण आदल्या दिवशी तिथेच एका लग्नाची हळद झाली होती. हल्ली हळद तलावाकाठी लावतात, आई, आणि लावतात कसली, एकमेकांवर उधळतात. फरशीवर पिवळे पट्टे राहिले होते. त्यावर सोडा पडला आणि सगळं लालभडक झालं.

मालक आले, वयाने माझ्या मुलासारखे. बघून दोन पावलं मागे सरले. "यहाँ खून हुआ है क्या?" पुढचं लग्न तोंडावर आलेलं. ते म्हणाले, दगड उखडून टाका, वर टाइल्स बसवा, आणि जिने हा उद्योग केला तिला उद्यापासून येऊ नको म्हणावं. ती बिचारी ब्रश हातात धरून उभी. "दीदी, हम तो सोडा ही डाले थे," एवढंच म्हणाली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. मी मालकांना तिथल्या तिथे सांगितलं की सोडा माझ्या सांगण्यावरून पडलाय, काढायचं तर मला काढा. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मला काढलं तर चादरी कोण मोजणार? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. लग्नाआधी डाग गेला तर ती राहील, इतकं मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

खरं सांगू, एवढ्या गडबडीतही मी त्या डागाकडे टक लावून बघत होते. तो लाल माझ्या ओळखीचा होता.

घरी येऊन वाटीत चिमूटभर हळद घेतली, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मागून आणलेला चुना बोटाने त्यात कालवला, आणि वाटीत तू उभी राहिलीस. आपली दुसऱ्या मजल्यावरची खोली, बाहेरचा बरामदा, आणि तू कुंकू करतेस. लिंबाच्या रसात टाकणखार घालून भिजवलेली हळकुंडं, तुझी रंगलेली बोटं, आणि दारात चांदीच्या, पितळेच्या डब्या घेऊन आलेल्या गल्लीतल्या मराठी बायका. बाजारचं कुंकू झोंबतं म्हणून त्या तुझ्याकडचं नेत. हळद तू छतावर वाळत घालतेस आणि माकडं हाकायला मला बसवतेस, पण कुंकू कधी वर नेत नाहीस. ते बरामद्यात, सावलीत, फडक्याखाली. मी चिडून विचारते की इथे तर ते चार दिवस वाळत नाही, वर का नको? तू मान वर न करता म्हणतेस, "ऊन रंग खातं गं."

मग बाबा गेले. बायका यायच्या थांबल्या, पण डब्या येत राहिल्या. आता त्या आपापल्या मुलींच्या हाती पाठवत. कुंकू तुझ्या हातचं हवं होतं, पण ते तुझ्या हातून घ्यायचं नव्हतं. तू डब्या भरून देत होतीस, वर मुलींच्या हातावर गूळ ठेवत होतीस. त्या दिवसांत मी एकदा बघितलं की तुझ्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, कुंकवाचं बोट ओढलेलं आहे. विचारलं तर म्हणालीस, रंग पारखायला लावलंय. ते मला पटलं. पण संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस तेव्हाही ते तिथेच होतं. पुढच्या खेपेलाही होतं. रंग पारखायला इतका वेळ लागतो का, हे मी विचारलं नाही. आज फार विचारावंसं वाटतं. त्या डब्या भरताना तुला काय वाटत होतं? राग येत होता का? आणि येत होता तर गूळ कसा देत होतीस?

दुसऱ्या दिवशी मी मालकांपुढे हट्ट धरला की मांडव उतरवा. पाहुणे कुरकुरतील, म्हणाले. कुरकुरू देत, म्हटलं. आम्ही दोघींनी फरशीवर साध्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. सोडा वाहून गेला तशी लाली उतरून डाग पुन्हा पिवळा झाला. सफाईवाली "अरे दइया" म्हणून खालीच बसली. पुढचं काम उन्हावर सोडलं. कार्तिकातलं मऊ ऊन, त्याला जमेल की नाही याची मलाही खात्री नव्हती. उतू जाणाऱ्या दुधाजवळ उभं राहावं तशी मी तासातासाला जाऊन बघत होते. पिवळा रंग फिका झाला, मग लिंबाच्या सालीइतका राहिला, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मालक स्वतः शोधायला वाकले तर त्यांना सापडेना. काळी बुरशीसुद्धा उन्हात कोरडी पडून खरवडली गेली. मांडव आता रोज सकाळी गुंडाळून ठेवायचा असं ठरलंय, आणि गुंडाळायचं काम सफाईवालीकडे आहे. ती ते मालकिणीच्या थाटात करते.

हे सगळं कुणाला सांगणार? मुलगा फोनवर "हाँ आई, हाँ आई" करतो. म्हणून तलावाकाठी बसून ड्यूटीच्या कागदामागे लिहितेय. लिहून झालं की पर्समध्येच राहील.

एक सांगायचं राहिलं. माझे हे जाऊन तीन वर्षं झाली. आता तुझ्या वेळेसारखं कुणी काही म्हणत नाही, मी टिकली लावते, पण कुंकवाला हात लावला नव्हता. त्या रात्री वाटीतला लाल रंग टाकून देववेना. आज मघाशी सफाईवालीने माझं मनगट बघून विचारलं, दीदी, ये क्या लगा है? मी म्हटलं, रंग बघतेय. रोज नवा लावते, आई, आणि उन्हात आले की हात पदराखाली घेते.