फोनपुढच्या चपला

ठाणे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयवंतीबाय,

मधुचा नमस्कार. 'ताई' लिहिलं असतं तर शाळेतल्या मॅडमचं पत्र म्हणून तू बाजूला ठेवलं असतंस, म्हणून बाय. मी बरा आहे. साखर थोडी वाढलीय. बाजारात अजूनही एखादा पन्नाशीचा माणूस "अहो, तुम्ही सोम्या शिपाई ना!" म्हणून फोटो काढतो. मालिका बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी त्या शिपायाने माझी पाठ सोडलेली नाही.

तुझ्या नातीचा, प्रगतीचा, फोन आला होता. इतकी वर्षं रावण होणाऱ्या रघुचा गुडघा गेला, यंदा गावच्या बोहाड्यात मुखवटा चढवून आपल्या घरचा रावण नाचवायला कोणी नाही, म्हणाली. "आज्जीने सांगितलं का फोन करायला?" मी विचारलं. "आज्जी काय नाय बोलली. पन तुमचा नंबर तिनंच काढून दिला." माझा नंबर तू जपून ठेवला होतास, हे ऐकून मी तिथल्या तिथे येतो म्हणालो.

मुखवटा पेलेल की नाही, म्हणून गच्चीवर डोक्याला पाट बांधून नाचतोय. शेजारच्या कविताबाईंना वाटतं, मला नवीन मालिका मिळाली.

पण लिहायचंय ते वेगळंच.

आई पंचायतीतल्या फोनवर माझ्याशी बोलायला यायची, तेव्हा चपला दाराबाहेर काढायची, पदर सावरायची आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. तूच मला मायेने सांगितलं होतंस. मी ते उचलून सोम्याला दिलं. पहिल्याच दिवशी लाइटवालेसुद्धा हसले. मग दर सोमवारी, चार वर्षं, सोम्याने फोनपुढे चपला काढल्या. त्यावर माझं नाव झालं, घर झालं.

आईने ते देवराम मास्तरांच्या टीव्हीवर पाहिलं. सगळे हसले, तीही हसली म्हणे. त्यानंतर ती फोनवर आलीच नाही. "ती कामात आहे," तू सांगायचीस. मला खरं कारण पहिल्या महिन्यातच कळलं होतं, बाय. तरी मी थांबलो नाही. तिच्या शेवटच्या आजारातही तिचा आवाज मला ऐकायला मिळाला नाही. दिवसकार्याला तू म्हणालीस, "आईला इकलास तू." आणि मी काय उत्तर दिलं? लोकांना आवडायचं ते, म्हणालो. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

शनिवारी दुपारच्या जव्हार गाडीने येतोय. मुखवटा तुझ्या घरात आहे, तो कुणाच्या हाती द्यायचा हे तूच ठरव. रघुच्या पोराला दिलास तर मी त्याला पावलं शिकवीन, आनंदाने. फक्त काय ते माझ्या तोंडावर सांग. तीस वर्षं तू माझ्यावर ओरडलीही नाहीस, निदान तेवढं तरी कर.

आईचं होतं ते मी न विचारता घेतलं. या वेळी दारात उभा राहून विचारणार आहे.

आत ये म्हणशील या आशेने निघालेला,
तुझा धाकटा
मधु