दहा शब्दांचा कागद

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

ताई फोन का उचलत नाही म्हणून तू तिकडे फुगून बसली असशील. फोन ह्यांच्या खोलीत आहे, आणि ह्यांची वाचा गेली असली तरी कान शाबूत आहेत. झटक्याला आज पाच आठवडे झाले. उजवा हात लुळा, पाय थोडा सुधारलाय, आणि बोलणं म्हणजे नुसतं 'ब ब ब'. समजतं मात्र सगळं. डॉक्टर म्हणाले, वाचाउपचार लगेच सुरू करा, हे पहिले महिने हातचे घालवू नका.

जावईबापूंनी ओळखीतली एक मुलगी पाठवली. ती उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांना शिकवते. मोठं माणूस आजवर एकही घेतलेलं नाही, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं. पिशवीतून मांजराचं चित्र काढलं आणि टाळ्या वाजवत म्हणाली, म्हणा बघू माऊ. ज्यांच्या उलटतपासणीला साक्षीदार चळचळा कापायचे, ते वकीलसाहेब 'माऊ'साठी ओठ पुढे काढून बसले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर फडकं दाबून हसले. खोटं कशाला बोलू, कित्येक वर्षांत इतकी हसले नव्हते.

मला ही मुलगी पसंत आहे. तिलाच ठेवावी म्हणते.

दुकानात दिवसभर उभी राहून तुझे पाय सुजतात, ते आधी बघ. लोभ आहेच, ह्या पत्रामुळे तो कमी करू नकोस.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. अगं, भाऊजी म्हणजे काय बालवाडीत घातलेलं पोर आहे का? तू म्हणशील, ही लांब बसून उंटावरून शेळ्या हाकते. पण मी नुसती बसले नाही. आमच्या औषधाच्या दुकानात झटक्याच्या गोळ्या न्यायला जो येईल त्याला चार दिवस विचारत होते, की तुमच्या माणसाला बोलतं कुणी केलं. तीन घरांनी एकाच बाईंचं सांगितलं. केस पांढरे झालेत, बावीस वर्षं मोठ्या माणसांच्याच वॉर्डात काढलीत, आणि राहायला तुझ्याच गावात.

मी फोन लावून त्यांना खोदून खोदून विचारलं. झटका आलेली किती माणसं पाहिलीत, घरी याल का, घरच्यांना शिकवाल का, फरक पडणार नसेल तर तोंडावर सांगाल का. त्या म्हणाल्या, ते तर सगळ्यात आधी सांगते. मग त्यांनी मला एकच विचारलं, हा माणूस घरी कसा बोलायचा? मी म्हटलं, झकास. जेवणाच्या टेबलाशी मैफल जिंकायचे.

मंगळवारी त्या येतील. त्या माऊवालीला निरोप दे, आणि माझ्याशी वाद घालू नकोस. भाऊजींना तुझ्याशिवाय आहे कोण?

ओरडा खाऊनही तुझी माया आटत नाही, हे लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून इतकं लिहिलं.

तुझी,
धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आशीर्वाद.

तुझ्या बाई आल्या. हुशार आहेत. चित्रं नाहीत, टाळ्या नाहीत. ह्यांच्यासमोर खुर्ची घेऊन 'वकीलसाहेब' अशी हाक मारली, तेव्हा ह्यांचे डोळे भरून आले. जाताना मला एक कोरा कागद देऊन म्हणाल्या, ह्यांच्या रोजच्या तोंडातले आणि रोजच्या गरजेचे दहा शब्द लिहा, तिथून सुरुवात करू. ते घरच्या माणसाइतके कुणालाच ठाऊक नसतात.

दोन दिवस तो कागद घेऊन बसले. रोजच्या तोंडातले म्हणजे 'बिनडोक', 'तुला कुणी विचारलं' आणि 'मुद्द्याचं बोल'. एक्केचाळीस वर्षं मी त्या टेबलाशी आरोपी होते. मीठ कुणी घातलं, किती चमचे, कशाच्या आधारावर? आणि पाहुणे पोट धरधरून हसायचे. त्या पाहुण्यांत तू पण असायचीस. मैफल जिंकायचे म्हणालीस ना, ती अशी जिंकायचे.

कागदावर पहिलं लिहिलं, 'माझं चुकलं'. बाकीचे नऊ कोर्टातले घातले, तारीख, फाईल, निकाल असले. बाईंनी विचारलं, हे पहिलं ह्यांच्या तोंडी असायचं? मी म्हटलं, सारखं. खरं तर एक्केचाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही. 'पाणी' लिहिलं नाही. विसरले नव्हते.

बाई अर्धा तास घेतात. त्या गेल्या की मी समोर बसून आणखी दोन तास तेवढंच एक करून घेते. हे तुझ्यापाशीच ठेव.

लोभ करायचा तर हे वाचूनही कर.

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्याकडे राहिले, पण तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते. दारात दूधवाला आला, त्याला भाऊजी म्हणाले, माझं चुकलं. तो बिचारा ओशाळला. दुपारी त्यांना तहान लागली होती. डावा हात बाटलीकडे, डोळे माझ्याकडे, आणि तोंडाने माझं चुकलं, माझं चुकलं. तू शेजारी बसून वाटाणे सोलत होतीस आणि टोपली संपेपर्यंत उठली नाहीस. पाणी मी दिलं. मग माझा हात धरून ते पुन्हा तेच म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्या टेबलाशी मी किती हसायचे ते आठवलं. ताई, माफी मी मागायला हवी. इथे मागते.

पण बाईंना मी सगळं सांगून टाकलं. चुगलखोर म्हण हवं तर. त्या म्हणाल्या, संशय होताच. स्वतःचा शब्द सापडला की माणसाचा चेहरा सैलावतो, ह्यांचा आवळतो. उद्यापासून त्या 'पाणी' घेणार आहेत. तुला हवं होतं ते मिळालं ना? आता सोड त्यांना.

रागावलीस तरी चार ओळी टाक. तुझ्या रागात पण मला जागा असू दे.

तुझी,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

रागावले नाही. तुझी माफी ठेवून घेतली.

मिळालं ना, असं विचारलंस. नाही मिळालं. दूधवाल्याला मिळालं, जावयाला मिळालं, हात धरून तुला मिळालं. खिडकीतल्या कावळ्याला सुद्धा मिळालं. मी समोर खुर्ची ओढली की मात्र ओठ घट्ट मिटतात. दोन तास करून घेते असं लिहिलं होतं ना, ते दोन तास मी एकटीच 'माझं चुकलं' म्हणत बसायचे आणि हे माझ्याकडे बघत राहायचे. शेवटी बाईंना विचारलं, मलाच का नाही? त्या म्हणाल्या, तुमच्यासमोर त्यांना त्याचा अर्थ कळतो म्हणून. तोंडावर सांगणारी बाई तू निवडलीस, तुझी निवड चोख.

'पाणी' तीन दिवसांत आलं, अगदी स्वच्छ. ते माझ्यासमोरही म्हणतात. मी लगेच उठते, ग्लास भरून आणते आणि समोर बसून विचारते, कुणी मागितलं? किती घोट? कशाच्या आधारावर? पाहुणे नसतात, त्यामुळे कुणी हसत नाही. उत्तर येईपर्यंत ग्लास माझ्या हातात असतो.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी,
ताई