दोन ते चारची वेळ

सोलापूर,
२२ जानेवारी २०२५

ती. स्व. रुद्रप्पाकाकांस,
सिद्धेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानंच जुळवता, म्हणून पत्र. इकडं सगळे खुशाल. गड्ड्याच्या यात्रेत हिंडून आईनं पाय सुजवून घेतलेत, तरी लई खूष आहे.

तुमच्या वाचनालयाची अध्यक्ष होऊन मला दोन महिने झाले. बावीस वर्षं तुम्ही हे कसं सांभाळलंत, देव जाणे! अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची साठ पोरं-पोरी बसतात. शेजारच्या हॉलमध्ये रोज सकाळी आठला निवृत्त पोस्टमन कल्लप्पामामा मोठ्यानं पेपर वाचतात, कारण ऐकणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्यांना आता अक्षर दिसत नाही. मधूनच कानडीत वादही रंगतो. उत्कर्षा नावाच्या मुलीनं एक्केचाळीस सह्यांचा अर्ज दिला, की आमचं सगळं या परीक्षेवर आहे, हा आवाज बंद करा. तिचं तरी काय चुकलं? मी पाटी लावली, ‘मोठ्याने वाचू नये’. दुसऱ्या दिवसापासून मामांची मंडळी यायचीच थांबली. पण एकानंही तक्रार केली नाही, म्हणजे सुटलं म्हणायचं. बरोबर केलं ना मी?

हुरड्याला बोलवायला विसरलात, तरी लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
सिद्धू

वळसंग,
२९ जानेवारी २०२५

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद. वहिनींना शरणु शरणार्थी, नमस्कार.

हुरड्याला बोलवायला तू काय पाव्हणी आहेस? ये की उठून!

‘तक्रार आली नाही म्हणजे सुटलं’ हे वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. १९९९ साली हेच वाक्य मी सभेत बोललो होतो. तेव्हा दुपारी दोन ते चार हॉल बायकांसाठी असायचा. बारावीच्या पोरांना जागा हवी होती, त्यांचे बाप अर्ज घेऊन आले, आणि मी बायकांची वेळ बंद केली. एकही बाई भांडायला आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी घेतल्या.

त्या बायकांत तुझी आई होती. एका घरात राहत होतो गं आम्ही! रोज तिच्या हातची भाकरी खात होतो, आणि ती दुपारची बाहेर पडायची थांबली हे मला दिसलं नाही. २०१९ला माझा सत्कार झाला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, आता बायकांना दुपारी बसू देतात का. मी गळ्यातला हार सावरत दुसरीकडं वळलो. माफी मागायची अजून राहिलीच आहे.

जे अर्ज घेऊन येतात त्यांचं आपण ऐकतो. जे चपला घालून गुपचूप निघून जातात, त्यांच्या घरी आपणच जायचं असतं. उपाय मला विचारू नकोस, पोरांचंही खरंच आहे. पण आधी कल्लप्पाच्या घरी जा. आणि आईला विचार, तेव्हा तिला काय वाटलं. रागावली तरी मला कळव.

या म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
काका

सोलापूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस शि. सा. न.

कल्लप्पामामांकडं गेले. एकटेच पेपर घेऊन बसले होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मलाच समजावत होते, की पाटी बरोबर आहे, पोरांचं भलं व्हायला पाहिजे. मला रडूच आलं हो!

मग अध्यक्षांची खोली मी त्यांच्या मंडळीला पेपर वाचायला दिली. तुमची लाडकी खुर्ची आता मामांच्या खाली आहे, आणि मी काउंटरवर बसते. दाराला दोन सतरंज्या टांगल्या. तरी आवाज येतोच. उत्कर्षा म्हणाली, आठ ते नऊ चालवून घेईन, त्यापुढं एक मिनिट नाही. माझ्याकडं बघून अजून नाक मुरडते ती. मुरडू दे. दुपारी खोली रिकामी असते, म्हणून बाहेर पाटी लावली, ‘दोन ते चार, महिलांसाठी’.

आईनं तुमचं पत्र दोनदा वाचलं. भावजींवर कसला राग, म्हणाली. चहा झाल्यावर मात्र सांगितलं, की त्या वेळी एक कादंबरी अर्धी राहिली. लाल पुठ्ठा होता. गोष्टीतली सून पिशवी भरून एसटी स्टँडवर येऊन बसते, तिथं आईनं पान दुमडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वेळ बंद. घरी एवढ्या माणसांच्या स्वयंपाकात पुस्तक कोण उघडू देणार? नाव आता आठवत नाही तिला. ती सून एसटीत चढली का परत फिरली, एवढंच तिला पाहिजे होतं. बोलता बोलता तिनं डोळे पुसले, काका. पाटी लावलीय म्हटलं तर म्हणते, कुणी बोलावल्याशिवाय मी कशी जाऊ.

तब्येत जपा आणि मला धाक दाखवत राहा.

तुमची,
सिद्धू

वळसंग,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धूस आशीर्वाद.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. वहिनींना सांग, रुद्रप्पानं बोलावलंय, बरोबर दोन वाजता. माझ्या खुर्चीवर त्यांना बसव. लाल पुठ्ठ्याची होती नव्हती तेवढी पुस्तकं कपाटातून काढून मी त्यांच्यापुढं ठेवतो, दुमडलेलं पान सापडेपर्यंत.

ते पुस्तक रद्दीत गेलं असलं, तर पुढची गोष्ट वहिनींनीच सांगायची. पंचवीस वर्षांत त्यांनी त्या सुनेला कुठं तरी पोचवलंच असेल की. मी समोर बसून सगळं ऐकणार आहे. ऐकायचंच राहून गेलं होतं.

तुम्हां दोघींचा लोभ मागणारा,
काका