खुर्चीवरचं नाव

अमरावती, मंगळवार

प्रिय दामिनी,

फोन तू केलास, पण उत्तर पत्रानं देते आहे. फोनवर तू मध्येच रडतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. तुझ्या सासूबाई न्हाणीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, हे ऐकून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. संडासला जायचं तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसायचं, हे आता त्यांनाही कळेल.

त्यांच्यासाठी तुला माझी चाकांची खुर्ची हवी आहे. मग मी काय करू, असं विचारलं तर म्हणालीस, "तुले कुठी जायचं रायते, ताई? तू त घरीच असते." खरंच की. रोज शिकवणीला जाते, भाजी आणते, आईची औषधं आणते, ते सगळं घरातच होतं.

अपघातानंतर बाबांनी ही खुर्ची आणली, ती थेट भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेली. मागच्या नळीवर कोरून घेतलं, 'चि. वर्षालीस, बाबांकडून'. रुखवतातल्या परातीवर घालतात तसं. हे तुझं आंदण, असं म्हणून हसले होते. मला तेव्हा फार राग आला होता. आता बाबा नाहीत आणि त्या नावावरून रोज एकदा हात फिरवते.

अकोल्याचे पाहुणे तुला पाहायला आले तो दिवस आठवतो ना? आईला धीर होईना, म्हणून तूच मला काखेत धरून खुर्चीतून उतरवलंस आणि कोठीत चटईवर बसवलंस. खुर्ची शेजारच्या गंगूबाईंच्या अंगणात नेऊन ठेवलीस. दाराला बाहेरून कडी. पोह्यांचा वास आत येत होता. सासूबाईंनी मोठीची चौकशी केली आणि तू न अडखळता सांगितलंस, "ताई पुण्याले असते. नोकरी हाये तिले." पाहुणे रमले, दुसरा चहा झाला. मला थांबवेना. हाक मारली असती तर तुझं लग्न मोडलं असतं, म्हणून तोंडात पदर कोंबला आणि चटई भिजू दिली. तू कडी काढलीस, जमलं म्हणालीस आणि नाकाला ओढणी लावलीस. मी तुला बाकी सगळं माफ केलं असतं, ती ओढणी नाही. पुढे तुझ्या लग्नात मला पुण्याहून सुट्टी मिळाली नाही.

आणि परवा फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "नाव तेवढं घासून पाठव. इथं कोणाले मालूम नाई." म्हणून हे पत्र. नाव घासलं, दामिनी. चिंच लावून घासलं, लांबूनही वाचता येतं इतकं लख्ख केलं आहे. गोपालदादाची गाडी सांगितली आहे. रविवारी निघू, मूर्तिजापूरला चहाला थांबू, दुपारी तुझ्या दारात. आजाऱ्याला भेटायला त्या वेळी सगळे सोयरे जमलेले असतात, तूच सांगितलंस. खुर्ची आणतेच आहे, तिच्यात बसून. सासूबाईंना बसवायचं तर आधी सगळ्यांदेखत मला खाली उतरवावं लागेल. ते काम दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तुझा हात बसलेला आहे.

तुझीच,
पुण्याची ताई,
वर्षाली